बालचित्रकला वर्ग : पाळीव प्राण्यांवरचे प्रकल्प आणि त्यांच्यासाठी खाऊ

पुठ्ठाकात्री

मी दर रविवारी ६ ते ११ वर्षे वयाच्या १४ मुलांचा चित्रकला आणि हस्तकला वर्ग घेते. पुढच्या चार रविवारांसाठी ‘आपले पाळीव प्राणी’ हा विषय ठरवला आहे. मुलांनी प्राण्यांची चित्रे काढावीत, त्यांच्यासाठी एखादे खेळणे करावे आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यासाठी व स्वतःसाठीही थोडा खाऊ तयार करावा, असा बेत आहे. गेल्या वर्षीही मी हाच विषय घेतला होता आणि तो अंगाशी आला होता, म्हणून या वेळी आधीच विचारून घेत आहे.

त्या वेळी आम्ही मीठ घातलेल्या कणकेचे पंजे केले होते. दोन कप मैदा, एक कप मीठ आणि एक कप पाणी हे हस्तकलेतले नेहमीचे प्रमाण. मुलांनी पंजे रंगवले, वर भोक पाडून रिबीन ओवली, आपापल्या प्राण्याचे नाव लिहिले आणि घरी नेले. एका मुलीच्या कुत्र्याने त्याच रात्री स्वतःच्या नावाचा पंजा फस्त केला. उलट्या झाल्या, पाण्याच्या भांड्यापासून तो हलेना आणि शेवटी मध्यरात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला. पुढच्या रविवारी ती मुलगी मला एवढेच म्हणाली, “बाई, हे त्याच्यासाठी आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?” मला त्यावर काहीही उत्तर देता आले नाही.

दुसरी चूक त्याच दिवशी होता होता राहिली. मुलांसाठी केलेल्या बिस्किटांवर चॉकलेट आणि बेदाणे होते, कुत्र्यांची बिस्किटे साधी होती, दोन्हींना पंजाचाच साचा वापरलेला होता आणि दोन्ही एकाच ताटात निवत ठेवली होती. पिशव्या भरताना एका मदतनीस पालकांच्या ते लक्षात आले, म्हणून निभावले.

तर माझे प्रश्न असे आहेत. प्राण्यांच्या तोंडी जाऊ शकेल अशा वस्तूंसाठी कोणते साहित्य चालेल? खाऊची खात्रीची कृती कोणती? आणि सर्व मुलांची चित्रे त्याच त्या गोल तोंडाच्या, लांब कानांच्या, हसऱ्या कुत्र्यावर येऊन थांबतात, त्यावर काय करावे?

गोठा ते दवाखाना

मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे मिठाच्या कणकेबद्दल आधी लिहितो. आपण दिलेल्या प्रमाणात मैदा सुमारे २५० ग्रॅम, मीठ सुमारे २९० ग्रॅम आणि पाणी २४० ग्रॅम होते, म्हणजे त्या गोळ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, साधारण ३७ टक्के, निव्वळ मीठ असते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास ते जीवघेणे ठरू शकते. १०० ग्रॅमच्या एका ओल्या पंजात ३७ ग्रॅम मीठ असते आणि वाळल्यावर पंजाचे वजन घटले तरी त्यातले मीठ तेवढेच राहते. आता दहा किलोचा कुत्रा डोळ्यांसमोर आणा. आपल्या विद्यार्थिनीचा कुत्रा खरोखरच थोडक्यात वाचला.

हीच गोष्ट मिठावर टिकवलेल्या घरगुती खेळण्याच्या पिठालाही लागू आहे. कुत्र्याला उलटी व्हावी म्हणून काही लोक मिठाचे पाणी पाजतात, तेही याच कारणाने कधीही करू नये.

खाऊच्या टेबलावर सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच असतो. बिनसाखरेच्या च्युइंगम आणि गोळ्यांमध्ये, तसेच काही शेंगदाणा बटरमध्येही झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यामुळे एकदम इन्शुलिन सुटते आणि रक्तातली साखर कधी कधी अर्ध्या तासातच धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय शेंगदाणा बटर वापरू नये. चॉकलेटमधले थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. यीस्ट घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि वर त्याचे मद्यार्कही होते. या गोष्टी वर्गाच्या खोलीत त्या दिवशी येऊच नयेत, मुलांच्या डब्यांतूनसुद्धा.

जुनी पेन्सिल

माझी सारी नोकरी मुलांना चित्रकला शिकवण्यात गेली. त्या मुलीच्या प्रश्नातच आपल्या नियोजनाची किल्ली आहे, असे मला वाटते. जे ‘त्याच्याविषयी’ आहे आणि जे ‘त्याच्यासाठी’ आहे, त्याची सरमिसळ झाली होती. चित्र, मातीचा ठसा, मुखवटा या वस्तू प्राण्याविषयीच्या असतात आणि त्या भिंतीवर, प्राण्याच्या उडीच्याही वर टांगल्या जाव्यात. खेळणे आणि खाऊ मात्र त्याच्यासाठी असतात आणि ते पूर्णपणे त्याच्या तोंडात जाणार, असे धरूनच ते करायला हवेत. मी तर दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या ठेवल्या असत्या आणि कोणती वस्तू कोणत्या पिशवीत जाणार, हे मुलांनाच ठरवू दिले असते. सहा वर्षांच्या मुलालाही हा भेद नीट कळतो.

आता त्या हसऱ्या कुत्र्याबद्दल. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या, त्यात साधारण ७ ते ९ या वयात मूल प्रत्येक गोष्टीसाठी स्वतःचे एक ठरीव चिन्ह तयार करते, असे सांगितले आहे. घर म्हणजे चौकोनावर त्रिकोण, कुत्रा म्हणजे आडवे अंग आणि त्याखाली फणीच्या दातांसारखे चार पाय. हे चिन्ह म्हणजे मुलाची कमाई आहे, तिला हसू नये आणि फळ्यावर ‘बरोबर’ कुत्रा काढून तर अजिबात दाखवू नये, कारण मग चौदाही मुले फळ्यावरचाच कुत्रा काढतील. त्याऐवजी त्या चिन्हाला उत्तर देता येणार नाही, असा एखादा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

मी नेहमी विचारत असे, “कुत्र्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा का वाकतो?” मुले तावातावाने कारणे सांगतात. मग त्यांना उभे करून टाचा उचलायला लावायच्या आणि चवड्यांवर चार पावले चालवायचे. आपल्याला गुडघा वाटतो, ती कुत्र्याची टाच असते. कुत्रा आणि मांजर आयुष्यभर बोटांवर चालतात आणि त्यांचा खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. मुले स्वतःच्या टाचेला हात लावून पाहतात, पुन्हा चवड्यांवर उभी राहतात आणि मग कागदाकडे वळतात. त्यानंतर फणीचे दात आपोआप वाकतात. सगळ्यांचे वाकत नाहीत, आणि न वाकले तरी काही बिघडत नाही.

पहिल्या रविवारच्या आधी घरी एकच काम द्यावे. प्राण्याकडे पाच मिनिटे, त्याला हात न लावता, पाहायचे आणि झोपताना तो शेपूट कुठे ठेवतो, हे सांगायला यायचे. चित्र आणायचे नाही.

ओला चिखल

मी मातीची भांडी करतो. पंज्याचा ठसा हवाच असेल तर साध्या कुंभारकामाच्या मातीत घ्यावा. माती बोटभर जाडीची लाटावी, पंजा हलकेच दाबावा, लगेच कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या फटीतली माती काढावी. टिकाऊ ठसा हवा असल्यास त्या मातीच्या साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण उत्साहाच्या भरात लोक ती विसरतात. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना तापते, आणि जाड थरात ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. त्यात मुलाचा हात किंवा प्राण्याचा पंजा थेट बुडवून ठेवला तर तो अडकून बसतो आणि गंभीर भाजतो. ओले प्लास्टर मोठ्यांनीच ओतावे, मुलांनी घट्ट झाल्यावरच हाताळावे. भूकटी मिसळताना तोंडावर मास्क असावा आणि उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते, मग नळकामवाल्याला बोलवावे लागते. (अनुभवाचे बोल.)

बोका क्र. ३

मांजरांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र सर्वांना गोड वाटते, पण प्रत्यक्षात लोकर, रिबीन, दोरा आणि रबरबँड या मांजरासाठीच्या सर्वांत वाईट वस्तू आहेत. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही आणि तो गिळलाच जातो. मग दोऱ्याचे एक टोक कुठेतरी अडकते आणि आतडे त्यावर चुण्यांसारखे गोळा होते. अशा वेळी शस्त्रक्रियेची पाळी येते. बाहेर लोंबणारा दोरा ओढण्याचा मोहही आवरावा.

चमकी, हलते प्लास्टिकचे डोळे, मणी आणि पिसे यांनाही खेळण्यांतून रजा द्यावी. डोळे काढायचेच असतील तर कापडावर धाग्याने घट्ट भरतकाम करावे. मोठ्या मुलांना ते जमते. आमच्याकडे सर्वांत यशस्वी ठरलेले खेळणे म्हणजे जुना सुती मोजा. त्यात कापडाच्या चिंध्या आणि चमचाभर वाळलेले कॅटनिप (मांजरांना ओढ लावणारी एक वनस्पती) भरायचे आणि तोंड दुहेरी टाक्याने शिवून टाकायचे. कॅटनिपची ओढ आनुवंशिक असते, सुमारे एकतृतीयांश मांजरांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही आणि अगदी लहान पिल्लांनाही त्याचे आकर्षण नसते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर एखादे मूल आपलेच काहीतरी चुकले, असे समजून हिरमुसते.

खाऊच्या बाबतीत मांजराला गोड देण्यात काही अर्थच नसतो. त्यांना गोड चव कळतच नाही. ती ओळखणाऱ्या, जिभेवरच्या ग्राहक-प्रथिनाच्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये दाखवून दिले गेले. साधे, मीठ-मसाला न घालता उकडलेले कोंबडीचे बारीक तंतू हा त्यांचा खाऊ. त्यात कलाकुसर काही नाही, हे मान्य आहे. मुलांनी त्यासाठीची डबी रंगवावी.

शेपटीचा झाडू

कुत्र्यांच्या बिस्किटांची माझी कृती देतो. मी ती भाच्यांकडून अनेकदा करून घेतली आहे.

दोन कप ओट्स मिक्सरमधून काढून त्यांचे पीठ करावे. एक पिकलेले केळे आणि अर्धा कप उकडून कुस्करलेला लाल भोपळा त्यात मिसळावा. साखर नाही, मीठ नाही, सोडा नाही, दूध नाही. गोळा हाताला चिकटत असेल तर आणखी थोडे पीठ घालावे. अर्धा सेंटीमीटर जाडीचे लाटून लहान साच्याने कापावे आणि १७५ अंशांवर सुमारे २५ मिनिटे भाजावे. ओव्हन बंद केल्यावर बिस्किटे लगेच बाहेर न काढता आतच निवू द्यावीत, त्यामुळे ती नीट वाळतात. या प्रमाणात चार सेंटीमीटरची साधारण ६० बिस्किटे होतात.

खाऊ दिवसभराच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात आणि या कृतीतल्या एका बिस्किटात सुमारे १५ कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला चार, त्याहून जास्त नाही. हा हिशेब नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडूनच करून घ्यावा आणि डबीवर ‘रोज फक्त ४’ असे त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यावे. आईबापांच्या सांगण्यापेक्षा ती चिठ्ठी जास्त पाळली जाते.

मुलांसाठी वेगळा खाऊ करूच नये, असे माझे मत आहे. हीच बिस्किटे दोघांनाही चालतात, फक्त मुलांना ती बेचव लागतात. कच्चे पीठ मात्र कोणीही चाटू नये. कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात, ही गोष्ट अनेकांना अंडी नसताना लक्षातच येत नाही. आणि कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, हे पालकांकडून लेखी घ्यावे.

खेळण्यासाठी जुन्या टी-शर्टच्या तीन बोटे रुंद पट्ट्या घेऊन त्यांची तिपेडी वेणी घालावी आणि दोन्ही टोकांना घट्ट गाठी माराव्यात. रंग निवडताना मुलांना एक गंमत सांगावी. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग चांगले दिसतात, तांबडा आणि हिरवा मात्र त्याला जवळजवळ सारखेच, मळकट तपकिरी भासतात. तांबडा चेंडू हिरवळीवर त्याला नाकानेच शोधावा लागतो.

जुनी पेन्सिल

रंगांचा हा मुद्दा चित्रातही आणावा. मुलांनी एक चित्र आपल्याला दिसते तसे रंगवावे आणि तेच चित्र पुन्हा फक्त निळा, पिवळा आणि करडा वापरून, कुत्र्याला दिसत असेल तसे रंगवावे. रंगपेटीतल्या तांबड्या रंगाला हात लावायचा नाही, हे बंधन मुलांना फार आवडते.

दोन वेण्या

मी पालक आहे. वर्गात एखादा कुत्रा प्रत्यक्ष आणता येणार नाही का? माझ्या मुलीने प्राणी फक्त पडद्यावर पाहिले आहेत.

गोठा ते दवाखाना

माझा सल्ला नकारार्थी आहे. १४ मुले, अनोळखी खोली, रंगांचे वास आणि प्रत्येकाचा पुढे आलेला हात, हे शांत कुत्र्यालाही जड जाते. तो जांभया देऊ लागला, पुन्हा पुन्हा ओठ चाटू लागला, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला, की तो अस्वस्थ आहे, असे समजावे. मुलांना मात्र त्यातली जांभई गोड वाटते. शिवाय एखाद्या मुलाला भीती किंवा ॲलर्जी असू शकते.

शेपटीचा झाडू

या बाबतीत माझे मत वेगळे आहे. सवयीचा कुत्रा, सोबत त्याचा मालक, मोकळे अंगण, एका वेळी तीनच मुले आणि दहाच मिनिटे, एवढे पाळले तर पन्नास फोटोंपेक्षा जास्त पदरात पडते. मघाचा टाचेचा धडा फोटोवरून कसा कळणार?

दोन वेण्या

माझा आणखी एक प्रश्न आहे आणि तो विचारताना थोडा संकोच वाटतो. आमच्याकडे ससा होता, तो दोन महिन्यांपूर्वी गेला. मुलगी याच वर्गात आहे. सगळे आपापल्या प्राण्यासाठी खाऊ करत असताना तिने काय करायचे?

जुनी पेन्सिल

तिलाच विचारावे, आणि आधी, एकटीला विचारावे. काही मुलांना गेलेल्या प्राण्याचेच चित्र काढायचे असते, काहींना त्या दिवशी दुसऱ्याच्या मांजरासाठी मोजा शिवायचा असतो. तिने ससा काढायचे ठरवले, तर त्याला ढग, पंख वगैरे लावायला आपण सुचवू नये. त्याचे कान कसे होते, एक कान पडलेला असे का, तो पाय कधी आपटत असे, एवढेच विचारावे. ज्यांच्या घरी प्राणी नाही, त्यांनी निवाऱ्यातल्या प्राण्यांसाठी वेण्या कराव्यात. निवाऱ्याला आधी विचारून घ्यावे, कारण घरी केलेला खाऊ अनेक ठिकाणी घेत नाहीत.

पुठ्ठाकात्री

चारही रविवार पार पडले, म्हणून सविस्तर कळवते.

घरच्या कामाची उत्तरे अपेक्षेपेक्षा चांगली आली. मांजर शेपूट नाकावर ओढून घेते, असे तिघांनी सांगितले. एकाने मासा पाळला आहे, तो म्हणाला, “माझा डोळे मिटतच नाही, म्हणून झोपला का ते कळलं नाही.” (बहुतेक माशांना पापण्याच नसतात, हे मी नंतर सांगितले, पण त्याचे निरीक्षण माझ्या माहितीपेक्षा मोलाचे होते.) टाचेच्या प्रयोगानंतर १४ पैकी ६ चित्रांतले मागचे पाय वाकले. एका मुलाने चारही पाय वाकवले आणि त्याचा कुत्रा आता कायम उडीच्या तयारीत दिसतो. मला तोच सर्वांत आवडला.

ठशांसाठी मी मातीबरोबर बोटांचे छापही घेतले. अंगठ्याने मधली गादी आणि करंगळीने वरची चार बोटे. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, मांजर चालताना नखे आत ओढून घेते म्हणून तिच्या ठशात ती नसतात, हे सांगितल्यावर मुलांनी काडीच्या टोकाने कुत्र्यांना नखे दिली. मग एका लांब कागदावर ‘कोण कुठे गेले’ हा खेळ आपोआपच सुरू झाला आणि त्या दिवशीचे उरलेले नियोजन मी गुंडाळून ठेवले.

कुत्रा अंगणात आणला, तीन-तीन मुलांच्या गटांसाठी. चौथ्या गटाच्या वेळी त्याने जांभई दिली, तेव्हा एका आठ वर्षांच्या मुलानेच “बाई, आता पुरे, त्याला नकोय” असे म्हटले आणि आम्ही थांबलो. पाचव्या गटातली दोन मुले नाराज झाली. त्यांना मी न्याय देऊ शकले नाही.

ससा गेलेल्या मुलीने आधी पिवळी-निळी वेणी केली. शेवटच्या रविवारी तिने स्वतःहून मोठा कागद मागितला आणि ससा पाठमोरा काढला. तो नेहमी असाच, भिंतीकडे तोंड करून बसायचा, असे ती म्हणाली. डावा कान खाली होता.

बिस्किटे ६० ऐवजी ४३ झाली, कारण लाटताना जाडी वाढली, आणि जाड झाल्यामुळे काही मधून मऊ राहिली. मुलांनी चाखून एकमताने “साखर हवी” असा निकाल दिला. पिशव्या दोन रंगांच्या होत्या आणि या वेळी एकही वस्तू चुकीच्या पिशवीत गेली नाही. मातीचा ठसा कोणत्या पिशवीत, असे विचारल्यावर गेल्या वर्षीची तीच मुलगी म्हणाली, “हा माझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. हा कपाटावर राहणार.”

मऊ राहिलेल्या बिस्किटांचे काय करावे?

शेपटीचा झाडू

१२० अंशांवर आणखी अर्धा तास वाळवून घ्यावीत. तरीही मधोमध ओलसर लागली तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावीत, त्यांवर बुरशी लवकर धरते. पुढच्या वेळी लाटताना लाटण्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे जाडी मुलांच्या हातावर अवलंबून राहणार नाही.